गाडीत, गाडीवर

कोल्हापूर, ६ जुलै

ती. आण्णा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहितात. मी सध्या रागात आहे, तेव्हा उभ्या उभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्या.

चावी मिळणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही ती शोधत वाचणार नाही. फोन तुम्ही घेत नाही. घेतलात तर माझा आवाज ऐकून तो समोरच्या टपरीवरच्या किस्नादादाच्या हातात देता. परवा त्यानंच तुमचा निरोप सांगितला, "पुर्णे, आण्णा म्हणत्यात, मला गाडीवर बसायचं हाय. चावी धाडून दे म्हणं." त्याच्या टपरीवर चहा पिणारे चारजण ऐकत होते, म्हणून त्याला काही बोलले नाही. पण तुम्हाला बोलणार. गाडीवर बसायचं म्हणजे काय आण्णा? पुन्हा वडाप करायचं? रंकाळा स्टँड ते गगनबावडा, माणसं कोंबून भाड्याच्या फेऱ्या? मे महिन्यात असळजच्या पुढच्या वळणावर चालत्या गाडीत तुमची शुद्ध गेली. गाडी आपली आपण दरडीला जाऊन टेकली, म्हणून आतली माणसं घरी पोचली. ओढ्याच्या बाजूला वळली असती तर? डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलं, पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तुम्ही मान हलवलीत. मी बघितलं ना, हलवलीत.

म्हणून गाडीची दारं मी माझ्या हातानं लॉक केली आणि दोन्ही चाव्या घेऊन आले. आत्ता त्या माझ्या टेबलावर आहेत, पेन्सिलींच्या डब्यात. रुसायचं तर रुसा. रुसलेला बाप चालेल मला.

तुम्ही विचारणार नाही, तरी सांगते. ज्या कोरियन मोटार कंपनीसाठी मी घरी बसून गाड्यांची चित्रं काढते, तिनं नवीन काम दिलंय. पंधरा-वीस वर्षांनी येईल अशी गाडी. स्टिअरिंग नाही, ड्रायव्हर नाही. गाडी आपली आपण जाणार आणि आतल्या माणसानं फक्त शांत व्हायचं. कोरियातली माणसं दमली की खालून तापवलेल्या जमिनीवर पाठ टेकून पडतात, पिवळ्या मातीनं लिंपलेल्या गरम खोलीत जाऊन बसतात, काही बोलत नाहीत. तो विसावा गाडीत आणायचा. आपल्याकडं दमलेला माणूस तुमच्या वडापात दांडीला धरून उभ्यानं झोपायचा, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गंमत बघा. बिनड्रायव्हरची गाडी काढायला त्यांना ड्रायव्हरची पोरगी सापडली.

औषधं वेळेवर घ्या. हे पत्र स्टँडवरच्या वडापवाल्याकडं देतेय, पोस्टाआधी पोचेल.

पूर्णिमा

*

कोल्हापूर, १३ जुलै

ती. आण्णा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण या वेळी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही, राग थोडा बाजूला ठेवते.

आमच्या गटाच्या प्रमुख युनजू बाई सोलमध्ये असतात. केस पांढरे, चेहरा तुकतुकीत, आवाज कधी चढत नाही. काल मीटिंगमध्ये त्यांनी आम्हाला त्यांच्या भाषेतला एक शब्द शिकवला. माणूस एकाच ठिकाणी बघत बसतो, डोक्यात काही चालू नसतं, त्याला म्हणतात 'मंग'. खरंच सांगते, असाच उच्चार. विस्तवाकडं बघत बसणं हा विस्तवाचा मंग, पाण्याकडं बघत बसणं हा पाण्याचा मंग. दमलेली माणसं मुद्दाम ठरवून मंग करायला जातात. युनजू बाई गंभीरपणे सांगत होत्या आणि इकडं मला हसू आवरेना. शेवटी कॅमेरा बंद करून हसून घेतलं.

तुमचा अख्खा संसार त्या एका शब्दावर चालला की हो! मी दहावीला शाळेत पहिली आले, तुम्ही म्हणालात, "मंग?" मी डॉक्टर न होता गाड्यांची चित्रं काढायला शिकणार म्हणाले, "मंग?" आईचं सगळं उरकून पाहुणे परत गेले, तेव्हा उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "मंग, पुर्णे?" आपल्याकडं मंग म्हणजे पुढं काय. त्यांच्याकडं मंग म्हणजे पुढं काही नाही. मी तुमच्या मंगमध्ये वाढले, आता त्यांचा कुठून आणू?

माझी गाडी त्यांना आवडली नाही, हेही सांगून टाकते. मी खूप मन लावून काढली होती. दीर्घ श्वास घ्यायला लावणारं बटण, सुगंधाचं बटण, पावसाच्या आवाजाचं, पायाखालच्या उबेचं, दिवे मंद करणारं. पाठीमागं सीटमध्ये एक पट्टी, तिच्यात बसणाऱ्याच्या काळजाचे ठोके कळतात, आणि ते चुकले तर गाडी स्वतःहून कडेला थांबते. युनजू बाईंनी सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पूर्णिमा, तुझी गाडी 'शांत बस, शांत बस' म्हणून ओरडते आहे."

सगळे हसले. मीही हसले. मग कॅमेरा बंद केला, या वेळी हसायला नाही.

त्यांनी सगळ्यांना एक काम दिलंय. आपापल्या गावात जिथं माणसं मंग करतात ती जागा शोधा आणि तिथून गाडी काढा. मी रंकाळ्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "जागा सुंदर आहे. पण यात सगळे बोलत आहेत."

पूर्णिमा

*

कोल्हापूर, १६ जुलै

आण्णा,

काल मी स्वतःच रंकाळ्यावर जाऊन बसले. फोन पिशवीत, नजर पाण्यावर. म्हटलं, जमलंच पाहिजे. जरा वेळानं शेजारी एक बाई येऊन बसली. "का गं, एकटीच? घरात काय झालंय काय?" म्हटलं, काही नाही, बसलेय. "बसलीयास व्हय. न्हाय, पाण्याकडं अशी टक लावून बसलीस म्हणून इचारलं बाई." तिनं नवऱ्याला हाक मारली. नवऱ्यानं भेळवाल्याला. भेळवाला म्हणाला, "ताई, आधी खावा कायतरी. सगळं नीट हुतंय." भेळेचे पैसे त्यानं घेतले नाहीत. ती बाई मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि रिक्षावाल्याला बजावलं, "दारात सोड, कोपऱ्यावर न्हाय."

कोल्हापुरात माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं हा जीव द्यायला आलाय. इथं कसला मंग!

आणि खरं सांगायचं तर मला बसताच येत नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरते. चहा ठेवते आणि विसरते. एक रेघ मारली की पुसते. दिवसातून कितीदा तरी डबा उघडून चाव्या आहेत का बघते. कोण नेणार आहे त्या? तुमचा फोन वाजतो, उचलला जात नाही, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात तुम्ही कुठं कुठं पडलेले असता ते तुम्हाला सांगून उपयोग नाही.

ती ठोक्यांची पट्टी काढून टाक असं युनजू बाई म्हणतात. विसाव्याच्या गाडीचा दवाखाना करू नकोस म्हणाल्या. मी काढली. मग परत घातली. ती मी काढणार नाही.

पू.

*

कोल्हापूर, २५ जुलै

आण्णा,

आज साधा नमस्कारही नाही.

सकाळी किस्नादादाला फोन केला. म्हणाला, गगनबावड्यात दोन दिवस लाईट नाही, पाऊस उघडत नाही, पण टपरी चालू आहे. "बॅटरीवर बल्ब लावलाय, येणारं-जाणारं थांबतंय." मग म्हणाला, "आण्णा गाडीपाशी बसल्यात. सकाळधरनं. भिजत्यात, पर उठायचं नाव न्हाय." मी विचारलं, कधीपासून चाललंय हे? तर म्हणे, "रोजचंच हाय की."

म्हणजे तुम्ही धरणं धरलंय. बाप धरणं धरतो आणि गावाला कळतं की पोरीनं चावी दाबून ठेवलीय. शाबास! तिथला पाऊस म्हणजे काय मला माहीत नाही का? मी त्या पावसात मोठी झाले. घरात वाळत टाकलेला फ्रॉक आठ दिवस ओला राहायचा. तशा पावसात हे हट्टानं बाहेर बसणार, छातीत कफ भरणार आणि मग मी पळत यायचं आणि चावी द्यायची, असा बेत आहे ना? मी तुमचीच मुलगी आहे. मलाही हट्ट येतो.

गाडी तुम्ही माझ्या नावावर केली होती, आठवतं? माझ्या पहिल्या नोकरीच्या वर्षी. "लेकीच्या नावाची गाडी" म्हणून स्टँडवर पेढे वाटलेत. तेव्हा ही गाडी मी विकू शकते. बिद्रीचा एकजण जुन्या गाड्या घेतो, त्याच्याशी बोलणं झालंय. नऊ ऑगस्टला तो गाडी ओढून न्यायला येईल. गाडीच नसली की कुणाला चावी मागायला नको आणि कुणाला द्यायला नको. तुम्ही घरात, कोरड्यात बसाल.

वाईट वाटून घेऊ नका असं लिहिणार नाही. वाटू द्या वाईट. मला दुसरा उपाय सुचत नाही.

पूर्णिमा

*

कोल्हापूर, ४ ऑगस्ट

ती. आण्णा,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलंय, वडाप बंद, एसटी बंद. तरी लिहितेय, कारण लिहिलं नाही तर मी भिंतीशी बोलायला लागेन.

काल युनजू बाईंचा मला एकटीलाच फोन आला. चित्रं पोचली नाहीत म्हणून. मी म्हटलं, मला ती जागाच सापडत नाही, आमच्याकडं असं कुणी बसत नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या ओळखीत एकही माणूस नाही, जो काही न करता बसतो?" मी पटकन म्हटलं, माझे वडील बसायचे. संध्याकाळची शेवटची फेरी झाली की गाडी घरापुढं दरीकडं तोंड करून लावायचे, इंजिन बंद करायचे आणि आतच बसून राहायचे. काचेवर धुकं यायचं. आई म्हणायची, "जेवायला हाक मारू नगंस, दिवसभर माणसांचा कालवा ऐकलाय, त्यास्नी जरा गाडीत बसू दे." मी खिडकीतून बघायचे, तुम्ही दिसायचा नाहीत, नुसती काच दिसायची.

युनजू बाई म्हणाल्या, "मग तुला सापडली आहे."

फोन ठेवला आणि आण्णा, आईचं ते वाक्य मी पुन्हा मोठ्यानं म्हणून बघितलं. गाडीत बसू दे. आई नेहमी तसंच म्हणायची. तुम्हीही तसंच म्हणायचात, "मी गाडीत बसतो जरा." गाडीवर नाही. गाडीवर बसणं हा धंदा, सगळ्या स्टँडला ठाऊक आहे. आणि गाडीत बसणं हे फक्त तुमचं.

लगेच किस्नादादाला फोन लावला. म्हटलं, दादा, आण्णांनी निरोप दिला तो त्यांच्या शब्दांत सांग. तो म्हणाला, "तवाच सांगितलं की. गाडीत बसायचं हाय, चावी धाडून दे." म्हटलं, गाडीत का गाडीवर? "आता ते एकच की गं!" एकच नाही दादा, तू मला गाडीवर म्हणाला होतास. "म्हटलं आसंल. आगं, ड्रायव्हर माणूस गाडीत बसला काय आन् गाडीवर बसला काय, काय फरक पडतोय?"

त्याचं काय चुकलं? पण तुम्ही तरी दुसऱ्यांदा सांगायचंत ना! एकदा निरोप धाडला, नाही म्हटल्यावर तोंड शिवून टाकलंत. पोरीला समजून घ्यायचं नसेल तर राहू दे, असंच ना? आणि तिकडं लॉक केलेल्या गाडीच्या बाहेर पावसात.

बिद्रीच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो चिडला, चिडू दे. पण तरी मला खात्री नाही आण्णा. मी तुम्हाला ओळखते. चावी हातात आली आणि एखादी बाळंतीण, एखादा आजारी माणूस दारात आला, तर तुम्ही नाही म्हणणार आहात का? मला भीती वाटते. झाली ती गोष्ट पुन्हा होईल, आणि दरड दर वेळी बरोबर बाजूला नसते. मला दुसरं काही नाही, नुसती भीती वाटते.

पाणी उतरलं की येते.

पुर्णी

*

गाडीत, गगनबावडा, ९ ऑगस्ट

ती. आण्णा,

हे पत्र मी तुमच्या शेजारी बसून लिहितेय. तुम्ही समोर बघताय. समोर काही नाही, नुसतं धुकं. मी काय लिहितेय असं तुम्ही विचारलेलं नाही, आणि अजून तुम्ही माझ्याशी चारदाच बोललाय, म्हणून राहिलेलं कागदावर.

सकाळी पहिल्या एसटीनं आले. टपरीवरूनच दिसलात. गाडीच्या बाजूच्या दाराच्या पायरीवर बसला होता, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, दोन्ही हात मांडीवर, पाठ बंद दाराला टेकलेली. तोंड दरीकडं वळवलेलं. मी पंचवीस जुलैला लिहिलं होतं, धरणं धरलंय म्हणून. धरणं धरलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघतो, कुणी बघतंय का म्हणून. तुम्ही कुणाकडंच बघत नव्हता. मी पाठीमागं येऊन उभी राहिले तरी कळलं नाही तुम्हाला. पंधरा-वीस पावलांवर मी तशीच थांबले, छत्रीतून पाणी गळत होतं. आणि खरं सांगते, त्या वेळी मला हाक मारवली नाही. आई म्हणायची ना, हाक मारू नगंस.

मग तुम्हीच वळलात. माझ्याकडं बघितलंत आणि पुन्हा दरीकडं. मी चावी काढून तुमच्या हातात ठेवली. तुम्ही दार उघडलंत, आत चढलात, पुसायच्या फडक्यानं सीट पुसलीत आणि बसलात. स्टिअरिंगच्या बाजूला नाही, डाव्या बाजूला, पॅसेंजरच्या सीटवर. तरी माझा जीव राहीना. म्हटलं, बॅटरी काढून नेते, मग दिवसभर बसा. बॉनेटचे हूक बाहेरूनच निघतात. मी ते ओढले, झाकण वर केलं, आणि आत बॅटरीची जागा रिकामी. नुसत्या दोन वायरी, टोकांना चिंध्या गुंडाळलेल्या.

मी खिडकीशी आले. तुम्ही समोर बघतच म्हणालात, "किस्नाच्या टपरीवर हाय. दवाखान्यातनं आलो त्याच दिशी काढली."

इतक्या दिवसांनी ते तुमचं पहिलं बोलणं. मी टपरीकडं बघितलं. भर सकाळी धुक्यात तो बल्ब जळत होता. त्या बल्बचं मला फोनवर सांगितलं होतं की हो किस्नादादानं, बॅटरीवर लावलाय म्हणून. नंतर त्याला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तुला म्हाईत आसंल."

मी विचारलं, हे मला सांगायला काय झालं होतं? तुम्ही म्हणालात, "तू इचारलंस कुटं? तू चाव्या उचलल्यास." हे दुसरं.

यावर मला बोलायचं खूप होतं. मी पत्रं लिहिली, फोन केले, विचारायचं बाकी काय ठेवलं होतं, असं सगळं तोंडाशी आलं होतं. पण तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवलात, फडक्यानं तीही पुसलीत आणि म्हणालात, "बस की." स्टँडवर तुम्ही दिवसभर ओरडायचा ना, बसा बसा बसा, पण हे तसं नव्हतं.

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या जागेवर बसले. काचेवर हळूहळू धुकं आलं. तुमच्या खिशात दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली माझी पत्रं दिसली. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा मी तुमच्या छातीकडं बघत होते, वर-खाली होतेय का. ती सीटमधली पट्टी मी आता चित्रातल्या गाडीतून काढून टाकणार आहे. तिचं काम मीच करते, आणि आतापर्यंत तरी ठोका चुकलेला नाही.

युनजू बाईंसाठी चित्र काढलंय, या पत्राच्या मागच्या बाजूला बघा. बटण एकही नाही. गाडी मुक्कामाला पोचली की बंद पडते आणि आतल्याला उठवत नाही, एवढंच तिचं काम. बाहेर बसायला दाराशी एक रुंद पायरी ठेवलीय, पाठ टेकता येईल अशी. त्यांना आवडेल का माहीत नाही. आज पाठवत नाही. इथं रेंज नाही, आणि असती तरी आत्ता हात उचलत नाही.

मघाशी तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "मंग?"

तुमचं चौथं बोलणं. तुम्ही आपला मंग विचारलात की त्यांचा, मला कळलं नाही. दर वेळी माझ्याकडं पुढचं काहीतरी तयार असायचं. आज शोधलं तर सापडलं नाही.

मी म्हटलं, "काय न्हाय आण्णा."

तुम्ही काच थोडी खाली केलीत. धुकं आत आलं.

तुमची,
पुर्णी